आप्पांचं विरघळणारं बूच

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. नवे नमुने देतो म्हणाले आणि चार दिवस फोन उचलेनात. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाचाच आला. "मॅडम, आप्पा गेलं सकाळी... चार दिवस दवाखान्यात हुतं. तुमाला सांगू नका म्हणालते." महिना झाला, माझा राग अजून उतरलेला नाही.

मी लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर. आप्पांचा शिरोली एमआयडीसीत साचे बनवायचा कारखाना. जन्मतः हृदयात भोक असलेल्या मुलांना आम्ही मांडीच्या शिरेतून धातूची छोटी छत्री नेऊन ते भोक बुजवतो. ती जन्मभर आत राहते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेला असं बूच करायचं होतं, की मुलाचा स्वतःचा पडदा भरून येईपर्यंत ते टिकेल आणि मग विरघळून जाईल. साच्यासाठी मी आप्पांना गळ घातली. लगेच तयार झाले, आणि इथंच घोळ झाला. या माणसानं आयुष्यभर पंपांच्या भागांचे साचे केले. माल मोडून परत आला तर शिरोलीत तोंड कसं दाखवायचं, ही एकच धास्ती. म्हणून मला न सांगता प्रत्येक साच्यात बूच 'वाईच जाड' ठेवायचे. बुचं चाचणीच्या कोमट खारट पाण्यात महिनोन्महिने जशीच्या तशी! मी कारखान्यात जाऊन ओरडले, "आप्पा, ते विरघळायलाच हवंय!" तर म्हणतात, "डॉक्टरीणबाई, पोराच्या काळजात बसवायचं आन् कच्चं द्यू व्हय?" कपाळ! तिसऱ्या खेपेला हट्ट सोडला, पण तोवर दीड वर्ष वाया गेलं.

त्या दीड वर्षात कोडोलीची आर्या जिना चढताना धापा टाकत होती. त्यांच्याच एका कामगाराची मुलगी. आप्पांनी तिला परस्पर शब्द दिलेला, 'तुला इरघळणारंच बसवायचं.' त्या भरवशावर घरचे छत्री बसवणं लांबवत होते. मला कळलं तेव्हा मी नाही नाही ते बोलले. माणसांचं सोडाच, प्राण्यांवरच्या चाचण्याही व्हायच्या होत्या. आजही व्हायच्याच आहेत. परवानगीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. दुसऱ्याच दिवशी आप्पा आर्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन आले. मी धातूची छत्री बसवली. पोरगी आता पळते.

गेल्या आठवड्यात ती तपासणीला आली. मशीनच्या पडद्याकडे मान वळवून तिनं विचारलं, "त्ये पांढरं काय हाय?"

"तुझी छत्री."

"आजून हाय? आप्पा आजोबा म्हणालते, दिवाळीपत्तोर इरघळंल."

मी तिच्या आईकडे बघितलं. ती पुटपुटली, "ही धातूची हाय ह्ये त्यास्नी सांगवलं न्हाय, मॅडम. मलाबी न्हाय..."

एवढा मोठा माणूस, आणि एका पोरीला खरं सांगवेना! ते काम माझ्या गळ्यात टाकून मोकळे झाले. भांडायचं तरी कुणाशी? मी तिला उठवून बसवलं. "आर्या, ही विरघळत नाही, बाळा. जन्मभर तुझ्यासोबत राहणार. पक्की आहे, घाबरायचं नाही."

तिनं पुन्हा पडद्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "म्हंजे आजोबास्नी म्हाईतच न्हवतं?"

"नव्हतं," मी म्हणाले.