कायमच्या पत्त्यावर

१६ नोव्हेंबर १९८५, शनिवार. हजर: मी, माझी थोरली बहीण सुमनताई, एक वळकटी, दोन पिशव्या, फिरकीचा तांब्या. गैरहजर: सुमनताईचा चष्मा. तो मुंबईलाच राहिल्याचं तिला चिपळूणला आठवलं.

सकाळी रत्नागिरी स्टँडवर उतरलो तेव्हा हवेत गारवा होता. दिवाळी नुकतीच सरली होती आणि मुंबईला परतणाऱ्यांची बोचकी फलाटभर पसरली होती. माझ्या वहीत चार कामं होती: मालगुंड, वेळणेश्वर, शेजारणींसाठी कोकम, आणि गुरुजींची भेट. मागच्या पानावर परतल्यानंतरची कामं, त्यात ‘पत्ताबदलाचे अर्ज, सात’. सुमनताई म्हणाली, ही समुद्राचीसुद्धा हजेरी घेईल.

मालगुंडचा समुद्र त्या दिवशी निवांत होता. एका घरगुती खानावळीत घावन (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा रस खाल्ला. दुपारी जयगडला पोहोचलो तर पलीकडे जाणारी लाँच नुकतीच सुटली होती. पुढची कधी, असं विचारल्यावर धक्क्यावरचा माणूस म्हणाला, “आली की दिसंल.” ती दिसली नाही. वेळणेश्वर खोडलं.

रविवारी चौथं काम. त्याची हकिकत अशी. मी एका विमान कंपनीच्या पगार विभागात अठरा वर्षं आहे, वैमानिकांचे पगार माझ्याकडे. आमच्या अनंत नावाच्या तरुण वैमानिकाचे वडील म्हणजे हे गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अनंत मुंबईत सारख्या खोल्या बदलायचा, म्हणून त्याची पगाराची स्लिप ‘कायमचा पत्ता’ या रकान्यातल्या गावी जायची. स्लिपवरच्या शब्दांचे अर्थ विचारणारी तीन पत्रं गुरुजींनी पाठवली होती. तिन्ही वेळा मी ‘नियम पाहावेत’ असं उत्तर धाडलं. ते कुठले नियम पाहणार होते, हे मला फार उशिरा सुचलं.

मिरजोळ्याला रिक्षा सोडली. कारखान्यांच्या शेड मागे पडल्यावर सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) लागला. गवत वाळून पिवळं झालेलं, आणि पायाखाली तापलेला दगड. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो सुमनताईने सेफ्टी पिनेने जोडला आणि यादीत लिहून घे म्हणाली. सडा उतरताच कापलेली भातखाचरं दिसली आणि गुरुजींच्या अंगणातली उडवी (भाताच्या भाऱ्यांची रास).

ओटीवर शाळेतला भारताचा नकाशा आणि शेजारी तारेत ओवलेल्या स्लिपा. अनंतची पत्रं क्वचित, तीही दोन ओळींची. म्हणून महिन्याची स्लिप आली की गुरुजी ती दिवेलागणीला मोठ्याने वाचत आणि अनंतची आई, म्हणजे काकू, हातातलं काम ठेवून ऐकत. बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता गावागणिक लिहिलेला असतो, त्यावरून त्यांना कळे, पोरगा दिल्लीला नऊ रात्री होता, मद्रासला चार. गुरुजी नकाशावर बोट ठेवून दाखवत. काकूंना सगळ्यात आवडायचा जेवणाचा भत्ता. न्ह्यारीचा (नाश्त्याचा) हिशेब वेगळा धरतात, म्हणजे कंपनी बरी असणार, असं त्यांचं मत.

गुरुजींनी प्रश्न वहीत आकडे घालून लिहिले होते. माझं त्यांच्याशी लगेच जमलं. पहिला: पोरगा दिवसभर कामावर असतो, मग उड्डाणाचे तास इतके कमी का? मी सांगितलं, चाकाखालची अडणी काढली की मोजायला सुरुवात, आणि दुसऱ्या गावी पुन्हा लावली की बंद. विमानतळावर बसून राहणं त्यात धरत नाहीत.

“म्हणजे घंटा ते घंटा शिकवलं तेवढंच खरं,” गुरुजी म्हणाले, “वह्या तपासल्या त्या फुकट.”

मग त्यांनी शेवटच्या तीन स्लिपा काढल्या. उड्डाणाचे तास शून्य. बाहेरगावचे मुक्काम शून्य. तरी ‘किमान हमी तास’ या नावाखाली पैसे जमा. दाराशी उभ्या काकू पहिल्यांदा बोलल्या.

“तीन म्हयनं मुंबयलाच हाय त्यो. गनपतीला न्हाय आला, दिवालीला न्हाय आला. आमचं काय चुकलं, तेवडं सांग बाय.”

बसून पगार मिळतो, तरी घरी येत नाही, असा त्यांनी अर्थ लावला होता. अनंतला पत्र लिहायलाही काकूंनी गुरुजींना मना केलं होतं. दिवाळीची कडबोळी डब्यात तशीच होती.

कुणाच्या फाइलीतलं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा नियम. पण शब्दाचा अर्थ विचारणारी तीन पत्रं माझ्याकडे होती. मी अर्थ सांगितला: वैमानिक स्वतःहून नव्हे, कंपनीने थांबवल्यामुळे उडत नसेल, तेव्हा ठरावीक तासांचे पैसे देतात. थांबवतात ते प्रशिक्षणासाठी, नाहीतर डॉक्टरी तपासणीत काही निघालं म्हणून. प्रशिक्षणाचा रकाना वेगळा असतो. तो इथे कोरा होता.

गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“म्हंजे रुसला न्हाय त्यो?” काकूंनी विचारलं.

“नाही काकू. त्याला खाली थांबवलंय.”

त्या आत गेल्या. बराच वेळ डब्यांचे आवाज येत राहिले. बाहेर आल्या त्या कुळथाच्या पिठाचा डबा घेऊन. अनंतसाठी म्हणून माझ्या हातात देत म्हणाल्या, “डोलं असूं दे, कान असूं दे, काय बी असूं दे. त्याला सांग, इमान न्हाय तर न्हाय. घरला यायला एस्टी हाय.”

सड्यापर्यंत पोचवायला गुरुजी आले. निरोप घेताना एवढंच म्हणाले, “पुढची स्लिप वेळेवर पाठवा. शून्य असलं तरी चालेल.”

परतीच्या गाडीत वळकटी वर टाकली, डबा मांडीवर ठेवला. सुमनताई झोपली. मी अठरा वर्षांत किती मुक्काम लिहिले ते आठवत बसले, आणि कोणत्या कोणत्या ओट्यांवर ते वाचले गेले असतील ते.

सोमवारी कोकम वाटलं आणि पत्ताबदलाचे अर्ज काढले. सातवा अनंतचा. दिवाळीआधीच्या आठवड्यातली तारीख, सुबक अक्षर: गावचा पत्ता रद्द करून यापुढे स्लिप अंधेरीच्या खोलीवर पाठवावी. कारण: वैयक्तिक.

अर्जावर समक्ष सही लागेल, असा निरोप मी त्याला धाडला. तशी सही लागत नाही. डबा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. आज शुक्रवार. तो अजून आलेला नाही. सहा अर्जांपुढे खूण झाली आहे, सातव्यापुढची जागा कोरी आहे.