पहिल्या मुठीचा मान

ठाणे जिल्ह्यातून आमचा पालघर वेगळा झाला, त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली ही गोष्ट. सायवनच्या वाण्याच्या दुकानात टीव्ही होता. त्यावर जवान दिसले की आई सामान घ्यायचं विसरून उभी राहायची. वाणी तिला बसायला रिकामं खोकं द्यायचा. एवढ्या हेल्मेटांमधून ती आपला पोरगा चालीवरून शोधायची, आणि मला मेलीला तिचा राग यायचा.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. सरहद्दीवर होता तोवर आईचा तोरा काय विचारू नका. डहाणूच्या एसटीत कंडक्टरलासुद्धा सांगायची. पण त्या वर्षी वर कुठल्याशा शहरात दंगल पेटली, पोलिसांना आवरेना, म्हणून लष्कर बोलावलं आणि त्याची तुकडी तिथं गेली. तेव्हापासून आईचा तोरा गेला.

"सरहद्दीवर समोर दुश्मन असतो," ती म्हणाली. "बाजारात समोर कोण असणार? भाजी घ्यायला आलेली माणसंच ना?"

त्याला काही होईल याची भीती तिला होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की त्याच्या हातून कुणी मरेल. आमच्या घराला रेंज नाही. रोज संध्याकाळी अंगणवाडी बंद करून मी तिला टेकाडावर घेऊन जायचे आणि फोन लावून द्यायचे. ती आधी जेवणाचं विचारायची, मग आवाज खाली आणून, "गोळी नाही ना चालवलीस?"

"अगं आई, आम्ही नुसते रस्त्यानं चालतो. आम्हाला बघूनच लोक घरात जातात," तो हसून सांगायचा.

मग आठ दिवस त्याचा फोन लागला नाही. नवव्या दिवशी लागला. आईनं तेच विचारलं, आणि तो म्हणाला, "रजा मिळतेय. भातकापणीला येतो." आईनं फोन माझ्या हातात दिला आणि टेकाड उतरायला लागली.

आमच्या घरात कापणीची पहिली मूठ घरातला कर्ता पुरुष कापतो. बाबा गेल्यावर तो मान भावाचा. तो रजेवर नसेल त्या वर्षी मी कापायचे, कुणाची हरकत नसायची. फक्त एक नेम कडक. त्या हंगामात ज्या हातानं रक्त काढलं, त्या हातानं पहिली मूठ कापायची नाही. बाबांनी एकदा खळ्यात घोणस मारली होती, तर त्या वर्षी ते बांधावर उभे आणि दहा वर्षांचा भाऊ ऐटीत विळा घेऊन पुढे.

त्या वर्षी भात पिकून पिवळं झालं, दाणे गळायला लागले, तरी आई मला विळा लावू देईना. "तोच कापेल," एवढंच. मी चिडले. ढग येत होते, शेजारच्यांची कापणी उरकली होती. म्हटलं, तुझ्या लाडक्यापायी पाखरांची चंगळ चाललीय. ती पाखरं हाकायला निघाली. तिला त्याला परत विचारायचं नव्हतं, विळा त्यानं धरला की उत्तर मिळणार होतं, हे मला फार उशिरा कळलं.

डहाणू स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेले. "या साहेब," म्हणून चिडवलं, तरी हसला नाही. घरी भाकरी आणि सुकट पोटभर खाल्ली आणि झोपला. सकाळी आम्ही तिघं शेतावर गेलो. आईनं विळ्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि विळा त्याच्यापुढे धरला.

त्यानं हात मागे घेतले. "ताईला कापू दे."

आई बांधावर बसली. तो उभ्यानंच सांगू लागला. जमाव अंगावर आला होता, हुकूम झाला, त्यानं पायावर नेम धरला. एक माणूस पडला. चपला तिथंच राहिल्या आणि त्याला गाडीत घालून नेलं.

"मेला?" आईनं विचारलं.

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"इतके दिवस?"

"धीर झाला नाही, आई."

"मग आता विचार. जा."

तो टेकाडावर गेला. त्याच्यासोबतचा एक जवान त्या शहरातल्या इस्पितळात पहाऱ्याला होता, त्याला फोन लावणार होता. आम्ही दोघी बांधावर बसून राहिलो. ऊन चढलं. ओळख ना पाळख, पण त्या माणसासाठी मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले. आई तर ओठ हलवत होती.

भाऊ सावकाश उतरत आला. "जगलाय," म्हणाला. "पाय काढावा लागला."

रक्त तर निघालं होतं, नेमाप्रमाणे मूठ मीच कापायची होती. पण आई उठली, त्याचा उजवा हात ओढून विळ्याच्या मुठीवर ठेवला आणि त्यावर आपला हात घट्ट दाबला. तो सोडवायला बघत होता, पण भात लावून कापून घट्टे पडलेला हात तो, सुटतोय कसला. दोघं वाकले आणि पहिली मूठ कापली.

"अर्धा पाय माझ्या माथी," ती म्हणाली. "एकट्यानं नको वागवू."

भाऊ शेतातच खाली बसला आणि लहान असताना रडायचा तसा रडला. आईनं ती मूठ त्याच्या मांडीवर ठेवली, दुसरा विळा माझ्याकडे दिला आणि पुढची ओळ धरली.