पंचेचाळीस नंबरचा जेट

सगळी गल्ली त्यांना भिंगरी म्हणे, आणि तोंडावर म्हणे. जेवायला बसले तरी एक गुडघा उभा. कुणाकडे गेले तर खुर्चीच्या कडेला टेकायचे, हाक आली तर उठण्यात वेळ जायला नको. गावी वडिलांच्या पिठाच्या गिरणीवरचे इंजिन सांभाळता सांभाळता ते इंजिनदुरुस्ती शिकले. शहरात गॅरेज टाकल्याला तीस वर्षे झाली होती. या तीस वर्षांत ते स्थिर दिसत ते एकाच कामाच्या वेळी. इंजिन पुरते तापले की डावा पंजा मडगार्डवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर करायचा. तेवढा वेळ त्यांच्या अंगावर माशी बसली तरी उठत नसे.

त्या शुक्रवारी मात्र सकाळपासून तेही साधेना.

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. चाळीस वर्षांची, फिक्या निळ्या रंगाची. डॉक्टर मागच्या वर्षी वारले. आता त्यांची मुलगी ती आपल्या शहरी नेणार होती. आठवड्यापूर्वी उड्डाणपुलाच्या चढावर, वाहनांच्या रांगेत, गाडी तिच्या हातात तीनदा बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून तिला रडकुंडीला आणले. जुना कार्बोरेटर दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे, हे भिंगरींनी मान्य केले आणि नवा मागवला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "काका, शुक्रवारी पाचला येते. नीट चालली तर तशीच घेऊन जाईन. नाहीतर आमच्याकडे एक वर्कशॉप आहे, ते हे इंजिन काढून नव्या गाडीचं बसवून देणार आहेत."

काढलेल्या इंजिनाचे पुढे काय होते, हे भिंगरींना कुणी सांगायला नको होते. ते इंजिन त्यांनी दोनदा सुटे करून पुन्हा बांधले होते. त्याचा एकेक बोल्ट त्यांच्या बोटांच्या ओळखीचा होता.

दुपारचे दोन वाजले. इंजिन चालू होते, पण त्याला ठाव नव्हता; आवाज चढे, पडे, पुन्हा चढे. स्क्रू जवळजवळ तळापर्यंत आत गेला होता. प्लग काढले तर चारही काजळीने माखलेले. मागच्या नळीतून पेट्रोलचा भपकारा येत होता. भिंगरींनी पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट तपासला, गास्केट बदलले, पुन्हा फ्लोट तपासला. मधेच उठून दारापर्यंत गेले, घड्याळ पाहिले, परत आले.

"अहो, चहा ठेवलाय. बसून प्या," बायको मागच्या खोलीतून म्हणाली. तिचे शिवणयंत्र तिथेच चाले.

"उभ्यानं पितो."

"घोडेसुद्धा कधीतरी बसतात हो."

शेजारचा टर्नर लेथ बंद करून आला तो हसतच. "काय भिंगरी, गाडीला उचकी लागलीय की तुला?"

"तुला काय काम नाही?"

"आहे, पण ह्या आवाजात माझं माप चुकतंय." बोलता बोलता त्याने बाकावर पडलेला जुना कार्बोरेटर उचलला आणि सवयीने त्याचा मधला दांडा चिमटीत धरून हलवला. मग पुन्हा हलवला. "अरे, हा दांडा बघितलास का? भोकात नुसता नाचतोय. इथून फुकटची हवा ओढत असणार हा. कधीपासून, कोण जाणे."

भिंगरींनी तो हातात घेतला. दांडा खरोखरच नाचत होता.

वीस वर्षांपूर्वी हीच गाडी अशीच थांबल्या जागी बंद पडू लागली होती. इंजिनाला पेट्रोल कमी पडते, असे तेव्हा भिंगरींचे निदान झाले. त्यांनी पेट्रोल मोजून सोडणारा जेट, म्हणजे पितळेचा तो इवलासा भोकाचा तुकडा, बारीक सुईने कोरून मोठा केला. गाडी सुधारली. हवा जास्त शिरते म्हणून पेट्रोल कमी पडते, हे त्यांनी शोधलेच नाही. आणि परवा नवा कार्बोरेटर खोक्यातून काढला, तेव्हा पहिले काम त्यांनी केले ते त्यातला जेट काढून आपला कोरलेला बसवण्याचे.

"नवा होता तसा चालवून बघितला होतास?" टर्नरने विचारले.

"नाही."

"का रे?"

"ह्या इंजिनाला तेवढ्यावर भागत नाही."

"इंजिनाला भागत नाही, की तुला?"

भिंगरी फळीकडे वळले. नव्यातून काढलेला जेट त्यांनी कुठल्याशा डब्यात भिरकावला होता. डबा उपडा केला तर पितळेचे पन्नासेक तुकडे फरशीवर पसरले. त्यांवरचे भोकाच्या मापाचे आकडे मुंगीच्या पायाएवढे. ते एक उचलत, डोळ्यांपाशी नेत, टाकत. शेवटी बायको यंत्रावरून उठली आणि फरशीवर बसली.

"कितीचा हवाय?"

"पंचेचाळीस."

"हा साठ. हा पन्नास. भावोजी, उजेडातून सरका जरा." टर्नर सरकला. "हा घ्या पंचेचाळीस. आणि स्वतःसाठी चष्मा घ्या एकदाचा."

जेट बसला. इंजिन तापेपर्यंत भिंगरींनी गाडीभोवती सात-आठ फेऱ्या मारल्या. मग पंजा मडगार्डवर ठेवला, स्क्रू दीड वळसा सोडला आणि हळूहळू आवाज सावरत गेला, चढेना, पडेना.

"आता पाचला मिरव," टर्नर म्हणाला. "ते वीस वर्षांचं पुराण काढू नकोस. चालतेय ना?"

पाचला मुलगी आली. आवाज ऐकून तिचा चेहरा खुलला. भिंगरी हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"पोरी, एक सांगायचंय. ही गाडी इतकी वर्षं जास्त पेट्रोल प्यायली ती माझ्यामुळे. हवा गळत होती, मला कळलं नाही. मी जेट मोठा केला. परवा नव्यातही तोच घातला."

ती म्हणाली, "बाबांना वाटायचं, त्यांनाच चालवता येत नाही म्हणून पेट्रोल जास्त लागतं. आई त्यांना ऐकवायची ते वेगळंच."

"माहीत आहे."

"बाबा दात काढण्याआधी शेजारचे दोन तपासून बघायचे, काका."

तिने गाडीचे डावीकडचे दार उघडले. "बसा. पुलावर जाऊ."

पुलाच्या चढावर नेहमीसारखी रांग होती. गाडी थांबली. भिंगरी सीटच्या कडेला, दोन्ही तळवे डॅशबोर्डवर. पुढची बस हलली, थांबली. पुन्हा हलली, थांबली. इंजिन बिनतक्रार चालत राहिले. माथ्यावर पोचेपर्यंत गाडी पाच वेळा थांबली होती.

"राहू दे हेच इंजिन," ती म्हणाली. "तिथल्या माणसाला दाखवायला किती नंबरचा जेट, किती वळसे, ते लिहून द्या. आणि कुणाला कोरू देऊ नका म्हणून तेही लिहा."

त्यांनी तिच्या पावतीच्या पाठीमागे लिहून दिले. अक्षर गाडीबरोबर हलत होते.

"परतताना पुन्हा चढावरून घे," ते म्हणाले. "पुरती तापल्यावर काय करते ते बघू."

"काका, पाच वेळा थांबवली."

"सहाव्यांदा बघू."

तिने गाडी वळवली.