वाट काढणारी मावशी

मावशी गेल्याचा काकांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. बस हलेना, उतरावं तर दोन्ही बाजूंना गाड्या चिकटलेल्या. मी काचेला कपाळ टेकलं आणि जाणवलं, मावशी कित्येक वर्षं अशीच बसली होती… आतून बाहेर बघत.

बिबवेवाडीत तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली माझी मावशी घरात कोंडली गेली. लिफ्टचा विषय सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघायचा आणि पुढच्या मीटिंगवर ढकलला जायचा. तळमजल्यावरचे सेक्रेटरी एकदा विचारपूस करायला आले आणि म्हणाले, "आम्हाला लिफ्टचा काय उपयोग, सांगा." मावशी म्हणाली, "खरंय. आपण वर जाल तेव्हाही जिन्यानेच जा." चहा न घेताच गेले बिचारे. खुर्चीत बसवून तुला खाली नेतो, असं मी म्हटलं की तिचं एकच उत्तर, "मी काय सामान आहे? मला माझ्या पायांनी जाऊन भाजी घ्यायची आहे. निवडून, घासाघीस करून."

तिचा वेळ जावा म्हणून मीच तिला नकाशाच्या कामाला लावलं. उपग्रहाने टिपलेल्या फोटोंत दूरदूरच्या वस्त्या शोधायच्या आणि प्रत्येक छपराभोवती रेघ मारून घर नोंदवायचं; पूर आला, दरड कोसळली, तर मदतीला निघालेल्यांना कळावं की इथे माणसं राहतात. जगभरातले स्वयंसेवक हे काम घरबसल्या करतात. मावशीची घरं अगदी रेखीव असायची. पण ती प्रत्येक घरापासून रस्त्यापर्यंत एक पायवाटही काढायची, फोटोत नसली तरी! काम तपासणारे ते परत पाठवायचे.

"अगं, दिसेल तेवढंच काढायचं, असा नियम आहे," मी सांगायचो.

"घर आहे म्हणजे माणूस बाहेर पडत असेल ना? नुसतं घर काढून ठेवायला माझा हातच होत नाही रे."

मग मुकाट्याने एकेक वाट पुसायची. तेव्हा तिच्याकडे बघवत नसे. मला त्या नियमाचा राग यायचा, आणि त्याहून जास्त त्या जिन्याचा.

शेवटी तिला उचलूनच खाली आणलं…

गेल्या आठवड्यात तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मी तिचा लॅपटॉप उघडला. समोर बिबवेवाडीचा नकाशा आला. आपली सोसायटी तिने कधी काढली, मला माहीतच नव्हतं. इमारत, फाटक आणि दारापासून निघून कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत गेलेली एक तुटक रेघ. फोटोत तिथे नुसता करंजाचा पसारा दिसतो. ही वाट मात्र कुणी पुसायला लावलेली नाही. तपासणाऱ्याने फक्त विचारलं होतं, "झाडामुळे इथे काही दिसत नाही. वाट आहे, याची खात्री आहे का?"

खाली मावशीचं उत्तर होतं, "आहे. मी रोज जाते."