सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या

माझा आवाज मोठा आहे आणि तोंड फटकळ. वर्कशॉपमध्ये मशीनच्या वरताण बोलून बोलून तशी झाले, असं मी सांगते. घरचे म्हणतात, तू आधीपासूनच तशी होतीस.

मी मूळची देशावरची. डहाणू आणि तलासरीच्या मधे, हायवेपासून थोडं आत आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे मी मेकॅनिकल शिकवते. आमची बरीचशी मुलं तलासरीच्या पाड्यांवरची, गंजाडच्या बाजूची, काही किनाऱ्यावरची. बहुतेकांच्या घरातून कॉलेजात आलेलं ते पहिलंच माणूस. दर उन्हाळ्यात मी गावोगाव हिंडते आणि मुलींना मेकॅनिकलला पाठवा म्हणून घसा कोरडा करते. लोक चहा पाजतात, अगदी मनापासून ऐकून घेतात आणि मुलीला नर्सिंगला घालतात. नर्सिंग वाईट नाही हो, पण माझा चहा फुकट जातो ना.

त्यामुळे एक मच्छीमाराची मुलगी आपल्या पायांनी चालत येऊन मेकॅनिकलला बसली, तेव्हा मला फार बरं वाटलं. "बापाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं की बाहेरचा माणूस येईपर्यंत सगळे बसून राहतात, मला ते उघडता यायला पाहिजे," असं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पहिलं वर्ष छान गेलं आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. मी मनात म्हटलं, संपलं. पण जुलैत ती गळ्यात मंगळसूत्र आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या घालून पुन्हा बाकावर हजर. नवराही शेजारच्याच गावचा, बोटीवर जाणारा. सासरच्यांनी शिकायला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. पास होत राहिली तर शिकेल, एक जरी विषय अडकला तरी कॉलेज बंद.

दुसऱ्या वर्षाला लेथ असतं. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा जबड्यात पकडून गरगर फिरवणारं आणि पात्यानं त्याला कातणारं मशीन. त्याच्या जवळ अंगठी, घड्याळ, ओढणी, बांगड्या काही चालत नाही. हा नियम माझ्या आवडीनिवडीचा नाही. फिरता जबडा जे धरतो ते आत ओढतो, मागून हात जातो. मंगळसूत्राचं आम्ही भागवलं, एप्रनच्या आत घालून वरचं बटण लावायचं. बांगड्यांचं मात्र काही भागेना. ही पोरगी प्रॅक्टिकलला हात मागे बांधून उभी राही आणि तिचा जॉब, म्हणजे मापात कातून द्यायचा तुकडा, गटातला कुणीतरी मुलगा करून देई.

मी एकदा तिला बाजूला घेऊन खडसावलं. तेव्हा कळलं. त्यांच्या घरात नवरा दर्यावर असताना बायकोनं बांगड्या उतरवायच्या नाहीत. बोट गेली की कैक दिवस बाहेर, आणि मधे एखाद-दुसरा दिवस तो घरी असला तरी आमचं प्रॅक्टिकल नेमकं त्या दिवशी नसे.

"तू स्वतः हे मानतेस?" मी विचारलं.

"मॅडम, तो परत येईपर्यंत मला झोप लागत नाही," ती म्हणाली. "मानते की नाही मानत ते मला नाही सांगता येत."

मी तिला गटात परत पाठवलं. 

विभागप्रमुखांकडे उपाय तयारच होता. "जर्नल पूर्ण आहे ना तिचं? मग घ्या सांभाळून. मुलगी आहे, लग्न झालेलं आहे, कुठे जाणार आहे लेथवर काम करायला? मार्क देऊन टाका." माझं डोकं फिरलं. सांभाळून घ्या, सांभाळून घ्या म्हणतच आपण या पोरांना हातात कागद देऊन दारातून परत पाठवतो. त्यांना मशीनला हात लावू द्यायचा नाही आणि वर आपणच मोठ्या मनाचे. मी हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलले. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, ते एक बरंच झालं. दुसऱ्या एकानं सुचवलं की बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. तेही मी उडवून लावलं. तिचा हात शाबूत राहणं ही माझी पहिली जबाबदारी.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर जॉब स्वतः करायचा, नाहीतर नापास. नापास म्हणजे तिचं कॉलेज बंद. म्हणून एका रविवारी डहाणू रोडवरून रिक्षा करून मी तिच्या सासरी गेले.

अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि सासूबाई त्यांच्याखाली बसून कोळंबी सोलत होत्या. माशांच्या पाट्या उचलून उचलून रुंद झालेले खांदे, मोकळं कपाळ, मोकळे हात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मासे विकून त्यांनी एकटीनं मुलाला वाढवलं होतं. मी काय म्हणते ते त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"तुमच्या मशीनला बांगड्यांचं एवढं काय वावडं?" त्यांनी विचारलं.

"मशीनला कशाचंच वावडं नाही मावशी. ते धरतं आणि सोडत नाही."

"माझा मुलगा तिकडे पाण्यावर असतो. इकडे त्याच्या बायकोचे हात मी रिकामे ठेवू?"

मी सांगायला गेले की बांगड्यांचा आणि पाण्याचा काही संबंध नसतो. पण त्या बाईच्या मोकळ्या हातांकडे लक्ष गेलं आणि मी पुढ्यातली एक कोळंबी उचलून सोलायला लागले. माझ्या पुस्तकी शहाणपणानं तिच्या काळजीचं काय होणार होतं? मग त्याच म्हणाल्या, "आधी ते मशीन बघते. मग बोलू."

आणि खरंच आल्या. बाजार उरकून, रिकामी पाटी काखेत मारून थेट वर्कशॉपमध्ये. मुलं बाजूला झाली. मी लेथ चालू केलं, आमच्या मदतनिसाला बंद करायच्या बटणापाशी उभं केलं, आणि लांब काठीच्या टोकाला नायलॉनची दोरी अडकवून ती फिरत्या जबड्याला लावली. दोरी दिसेनाशी झाली आणि काठी माझ्या हातातून हिसकावली गेली. मशीन थांबलं तेव्हा दोरीचा घट्ट गुंडा झाला होता. असला प्रयोग कुणी करायचा नाही, म्हणून मी मुलांना लगेच दम दिला.

सासूबाईंनी त्या गुंड्याला बोट लावून पाहिलं. "जाळं ओढायचं यंत्र असतं बोटीवर," त्या म्हणाल्या. "आमच्या एका खलाशाची बोटं अशीच गेली." मग बाकावर बसल्या आणि सुनेला परीक्षा कधी आहे ते विचारलं. सुनेनं दिवस सांगितला.

"तेव्हा तो दर्यावरच असणार." त्यांनी सुनेचं मनगट हातात घेऊन बांगड्या मागेपुढे सरकवल्या. "बांगड्या काढून पेटीत टाकायच्या नाहीत. घरातल्या बाईच्या हातात राहिल्या म्हणजे झालं. माझ्या हातात राहतील."

सुनेचा चेहरा उतरला. "आई, तुम्ही कशा घालणार? लोक काय म्हणतील?"

"लोक माझे बोंबील महाग आहेत असं पण म्हणतात. घेतात ना तरी?"

 विधवा बाईनं हिरव्या बांगड्या घालून गावातून, बाजारातून जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं आणि त्यांना तर माझ्याहून जास्त. मुलींना शिकवलं पाहिजे यावर मी सभांमधून किती भाषणं ऐकली आहेत, स्वतःही ठोकली आहेत. त्यातल्या एकाही वक्त्याला आपलं काही पणाला लावावं लागलं नव्हतं. त्या दिवशी त्या बाईंबद्दल मला जी कृतज्ञता वाटली ती आजही तेवढीच आहे, आणि हे मी त्यांना कधी नीट सांगू शकले नाही.

त्यानंतर ती दर प्रॅक्टिकलला लेथवर उभी राहू लागली. सासूबाई घरातून निघतानाच बांगड्या घालून घ्यायच्या आणि घर गाठलं की परत द्यायच्या. बाजारात कुजबुज झाली म्हणे. झाली असेल.

परीक्षेच्या दिवशी सासूबाई बाजाराला गेल्याच नाहीत. सुनेबरोबर कॉलेजात आल्या. त्या दिवशी बांगड्या घरी उतरवल्या नव्हत्या, बोट लांब गेली होती आणि सुनेला शेवटच्या क्षणापर्यंत त्या हातात हव्या होत्या. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण लावून तिनं एकेक काढली आणि सासूच्या हातात चढवली. सासूबाईंचे हात मोठे, बांगड्या अडत होत्या, पण एकही वाढली नाही. मग त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

परीक्षक भला माणूस होता. यादी बघून मला हळूच म्हणाला, "एकच मुलगी आहे. हिला तोंडी प्रश्न विचारून सोडू या का?"

"बाहेर तिची सासू उगाच बसलेली नाही," मी म्हटलं. "तिला जॉब करू द्या."

पहिल्यांदा पातं लावलं तेव्हा लोखंडाचा कीस तुटक तुटक निघाला. मला पुढे व्हावंसं वाटलं, पण मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. मग कीस सलग, वळणं घेत निघायला लागला आणि तिची मान ताठ झाली. परीक्षकांनी तो तुकडा मापला, पुन्हा एकदा मापला आणि "माप बरोबर आहे" म्हणून सही केली.

ती धावतच बाहेर गेली. "आई, झालं. झाला माझा जॉब." सासूबाईंनी ग्रीस लागलेला तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बांगड्या वाजल्या. मी मागोमाग साबणाची वडी घेऊन गेले. सुनेनं ती ओली करून सासूचा हात पुढे ओढला.

सासूबाईंनी हात मागे घेतला. मनगट जरा वर धरून त्या बांगड्यांकडे बघत राहिल्या.

"राहू देत गं अजून," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर काढू."