अपेक्षांचा चुकलेला पत्ता

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या वहिनींना असा ठसका लागला की विचारू नका!

तर मी यवतमाळहून पुण्यात नवीनच आले होते. कॉम्प्युटर शिका आणि पुण्याला जा, नोकरी ठेवलेलीच आहे, असं आमच्याकडे घरोघरी म्हणत, तो काळ. मिळालीही! कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर देवधर सरांची वेबसाइट बनवायची कंपनी होती. कंपनी म्हणजे सर, मी आणि एक पंखा. त्यातला पंखा कायम होता, मी उमेदवारीवर.

सर म्हणाले, "मंजिरी, लिमये काकूंची साइट जमली तर तू कायम. नाही जमली, तर कंपनी तरी कायम राहील का, सांगता येत नाही."

लिमये काकू वधूवर मंडळ चालवायच्या. रविवारी त्यांचा मेळावा होता आणि मुलामुलींची माहिती मोठ्या पडद्यावर दाखवायची असं ठरलं होतं. आणि साइट कशी? अहो, मुलीचं पान उघडेपर्यंत तिचं बारसं होईल, इतकी हळू! बारसं म्हणजे तिच्या मुलाचं.

काकू येऊन बघून गेल्या. "छान आहे," म्हणाल्या, "पान उघडलं की फोन करा."

मला चैन पडेना. एवढं करतं तरी काय हे मशीन आत? माझी लहानपणापासूनची खोड आहे ही, घड्याळ बंद पडलं की आधी उघडून बघायचं. सर्व्हर, म्हणजे साइट ज्यावर ठेवलेली असते ते मशीन, आपल्या डिस्कला क्षणोक्षणी काय विचारतो, ते दाखवणारी एक युक्ती असते. ती चालू केली, तर पडद्यावर नुसत्या ओळीच ओळी!

काय दिसलं सांगू? एक पान म्हणजे बरेच तुकडे जोडून केलेली गोधडी. फोटोचा तुकडा, पत्रिकेचा तुकडा, अपेक्षांचा तुकडा. प्रत्येक तुकडा एका फाइलमध्ये. आम्ही सर्व्हरला फाइलचं नुसतं नाव सांगितलं होतं, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते नाही. मग तो बिचारा दारोदार विचारत फिरत होता. "अपेक्षा इथे राहतात का?" "नाही." पुढचं दार. "नाही." आणि हे दर तुकड्याला, दर पानाला!

मला इतकं हसू आलं! हीच तर माझी गत झाली होती. शनिवार पेठेत खोली बघायला गेले, एका दुकानदाराला विचारलं, "काका, आपटे इथेच राहतात का?"

"इथे मी राहतो."

"मग ते कुठे राहतात?"

"ते आपट्यांना विचारा."

म्हणजे औषध सोपं होतं. नुसतं नाव नाही, पूर्ण पत्ता द्यायचा. सर्व्हर कुणाला काही न विचारता सरळ त्याच दारात!

साइटची एक नक्कल मी त्याच मशीनवर माझ्या सरावाच्या फोल्डरात ठेवली होती, मोडतोड करायला. तिथे बसून सगळे पत्ते लिहिले. पान उघडलं, खटकन! पुन्हा उघडलं, खटकन! सर खुर्चीतून उठून आले. मी तीच पानं उचलून खऱ्या साइटमध्ये टाकली. तिथेही खटकन! आम्ही दोघं पान किती पटकन उघडतंय तेवढंच बघत होतो. पानावर काय लिहिलंय ते वाचतंय कोण?

रविवारी हॉल खच्चून भरला. तेव्हा हॉलमध्ये इंटरनेट कुठलं? सर्व्हरचं अख्खं मशीन मी रिक्षातून मांडीवर घेऊन गेले. काकूंनी माइक घेतला, मी पहिल्या मुलीचं पान उघडलं. खटकन! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी फुगून सरांकडे बघितलं, आणि काकू मोठ्याने वाचायला लागल्या.

"अपेक्षा. मुलाला गोल पोळ्या लाटता याव्यात. सासूबाई दुसऱ्या गावी असाव्यात."

मुलांच्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या.

अरे बाप्पा! हे वाक्य माझं होतं! नकलेत कुणाच्या खऱ्या अपेक्षा नकोत म्हणून तिथे काहीतरी मजकूर हवा होता, तो मी गंमत म्हणून टाकला होता. पण तो इथे कसा आला?

मुलीचे वडील उठले. "हे तू लिहिलंस?"

"नाही हो बाबा!"

ते बायकोकडे वळले. "मग तू?"

"मी लिहायचं असतं तर आपल्या लग्नाआधी लिहिलं असतं!"

"पुढची मुलगी घ्या," काकू म्हणाल्या. खटकन! गोल पोळ्या. सासूबाई दुसऱ्या गावी. त्याच्या पुढची, तेच! मुलांच्या आया उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी ठरवून केलंय हे!" मागून एक मुलगी ओरडली, "ठरवलेलं नाही, पण राहू द्या तसंच!" तेवढ्यात एक मुलगा उठला. "मला येतात पोळ्या! जरा लांबट होतात, पण येतात." त्याच्या आईने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

मी घाईघाईने खऱ्या साइटमधली अपेक्षांची फाइल उघडली. त्यात सगळं बरोबर! तरी थोडं बदलून बघितलं. गोल पोळ्या. वैतागून फाइलच पुसून टाकली. खटकन! गोल पोळ्या, सासूबाई दुसऱ्या गावी!

आता बघा माझा स्वभाव. समोर नोकरी बुडतेय, हॉलमध्ये बोंबाबोंब, आणि मला कुतूहल! पुसलेली फाइल हा वाचतोय कुठून? घरच राहिलं नाही, मग दार उघडतंय कोण? मी पडद्याला नाक लावून बसले, आणि एकदम ट्यूब पेटली. पत्ते! सरावाच्या फोल्डरात बसून लिहिले, म्हणून ते होते सरावाच्याच फोल्डरचे. पानं खऱ्या साइटमध्ये गेली, पण तुकडे आणायला इमानेइतबारे माझ्याच नकलेच्या दारात येत होती. आधी विचारत विचारत, रखडत का होईना, बरोबर घरी तरी पोहोचत होती हो!

"सापडलं!" मी उडीच मारली. "ती अपेक्षा माझी आहे! माझी!"

काकूंच्या हातातला माइक चालूच होता. सगळ्या हॉलने माना वळवल्या. जमीन दुभंगावी असं वाटलं मला. तशीच खाली बसले, पत्ते सुधारले, पुसलेली फाइल सोबत आणलेल्या सीडीवरून परत घातली. उरलेला मेळावा सुरळीत झाला, पण मी काही मान वर केली नाही.

शेवटी सर हात जोडून काकूंपुढे गेले. "काकू, काम आमच्याकडेच राहील ना?"

"राहील की. वेग उत्तम आहे. पूर्वी चूक दिसायलासुद्धा थांबावं लागायचं."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी म्हटलं, झाले बाई कायम! तेवढ्यात काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"लग्न झालंय का गं तुझं?"

"नाही."

"मग आमच्याकडे नाव नोंदव. अपेक्षा लिहायचे कष्ट घेऊ नकोस. पुणेभर झाल्यात."