चार वाजून दहा मिनिटांनी येणारा माणूस

पुंडलिकनगरमधून बेपत्ता झालेल्या त्या माणसाला मी विसरलेलो नाही. विसरायचं म्हटलं तरी रविवारी चारच्या सुमारास माझं लक्ष घड्याळाकडे जातंच.

तेव्हा माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती. शाळेत लिपिक असलेला एक चाळिशीचा माणूस रविवारी जेवून घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. सोमवारी सकाळी त्याच्या बायकोने तक्रार दिली आणि ठाणे अंमलदाराने मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली. फोनची त्या रविवारची माहिती मागवली, तर फोन दिवसभर घरातच. आमच्या खात्याचा फोनवर फार विश्वास. फोन घरात म्हणजे माणूसही घरातच होता, पुढचं काय ते बायकोला माहीत, असं मी धरून चाललो. दोन दिवस बाईला समोर बसवून तेच तेच विचारलं. फोन चार्जिंगला लावून विसरून गेले, असं ती सांगत राहिली. दर रविवारी ते मित्राकडे कॅरम खेळायला जातात, असंही म्हणाली. असा कोणी मित्र सापडला नाही आणि माझा संशय पक्का झाला. गल्लीने तर तोवर त्याला दुसरी बाईसुद्धा जोडून दिली होती.

तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा ठाण्यात आली. कपाळावर कुंकू होतं, पण लावू की नको अशा हाताने लावलेलं.

"सायेब, मेले असतील तर मेले म्हणा. पळून गेले असतील तर तसं म्हणा. मला असं मधी लटकून ठेवू नका."

मी तपास चालू आहे असं सांगितलं. खरं तर काहीच चालू नव्हतं.

त्याच शनिवारी एक तरुण मुलगी लॅपटॉप घेऊन आली. ती एका कंपनीत होती, शहर बसचे मार्ग कुठून काढावेत याचा अभ्यास करणाऱ्या. खऱ्या माणसांची ये-जा उघड करता येत नाही, म्हणून ते खोटी माणसं बनवत. कॉम्प्युटरला आधी खऱ्या फोनांची मागच्या काही महिन्यांची ये-जा नावं वगळून शिकवायची. मग तो तशाच सवयींची, पण जगात नसलेली माणसं तयार करतो. ती कामावर जातात, मंडईत जातात, संध्याकाळी घरी येतात. मी म्हणालो, आमच्याकडे खऱ्या माणसांचा काही तुटवडा नाही. ती हसली नाही.

तिने पडद्यावर एक ठिपका दाखवला. तो दर रविवारी पुंडलिकनगरच्या एका गल्लीतून निघे, रेल्वेने लासूर स्टेशनला उतरे, तिथून तीन-साडेतीन किलोमीटर जाऊन चार वाजून दहा मिनिटांनी एका शेताच्या कोपऱ्यात थांबे. तासभर तिथेच. सात पंचवीसला पुन्हा गल्लीत.

"सर, खोटी माणसं गर्दीतून तयार होतात. पण त्या शेतात गर्दीच नाही. एकच माणूस जात असणार. मिसळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मशीननं त्यालाच उतरवलंय."

ठिपक्याची गल्ली बघायला गेली तेव्हा बेपत्ता माणसाचं आमचं पत्रक तिने गल्लीच्या तोंडाशी वाचलं होतं. ठिपक्याच्या तारखा मी पाहिल्या. मशीनने पुढच्या दिवसांची ये-जा बनवलेली, म्हणून त्या चालू महिन्याच्या होत्या. माणूस बेपत्ता झाल्यानंतरचे दोन्ही रविवार तो शेतात जाऊन घरी आलेला होता. उद्याच्या रविवारीही तो जाणार होता. मला भीती वाटली, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी तिथे गेलो. काढणीला आलेला मका, बांधावर चिंच, पलीकडे एक पडकी विहीर. चार वाजले. आम्ही दोघेही वाटेकडे बघत उभे होतो. नसलेल्या माणसाची वाट बघतोय हे कळत होतं, तरी मान वळत नव्हती. चार वाजून दहा मिनिटं झाली. कोणी आलं नाही. चिंचेखालची जमीन मात्र बसून बसून गुळगुळीत झाली होती.

शेतमालक खोपटातून बाहेर आला. कुणाची वाट बघताय, म्हणाला.

मी म्हणालो, "एक माणूस यायचाय. दर रविवारी येतो."

त्याची नजर विहिरीकडे गेली. "तो आता कसा येईल?"

इतकंच. मग तो खाली बसला. चौकशीत फार जोर लावावा लागला नाही. ते शेत लिपिकाच्या वडिलांचं. भावांनी शहरात घरं घेण्यासाठी विकलेलं. हा मात्र दर रविवारी चिंचेखाली येऊन बसे. बायको वेड्यात काढेल म्हणून तिला कॅरमचं सांगे. नवा मालक त्याला पाणी देई. रानडुकरांसाठी मालकाने मक्याभोवती तार ओढून तिला वीज जोडली होती. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची, म्हणून दिवसा आकडा काढायची त्याने तसदी घेतली नाही. त्या रविवारी लाईट दुपारीच आली.

"डुकरासाठी लावली व्हती, सायेब. माणसासाठी नाय."

घाबरून त्याने मृतदेह विहिरीत टाकला आणि वरून कापसाची वाळलेली पऱ्हाटी लोटली. पंचांसमक्ष तो बाहेर काढला. हद्द ग्रामीणची, त्यामुळे गुन्हा तिकडे वर्ग झाला. निरोप द्यायला मात्र मी स्वतः गेलो.

बाईने सगळं ऐकून घेतलं. दुसरी बाई नव्हती, हे मी दोनदा सांगितलं. ठिपक्याबद्दलही सांगितलं. तिने विचारलं, "ते मशीनमधलं, संध्याकाळी घरी येतं?"

"सात पंचवीसला."

तिने दाराकडे पाहिलं. मग पालथ्या हाताने कुंकू पुसलं. "त्यालाबी पुसाया सांगा, सायेब. रोज कुणी आलं की मी उठते."

नुसता ठिपका पुसून भागत नव्हतं. मशीन त्याची ये-जा शिकलेलं होतं, त्याने तो पुन्हा बनवला असता. त्या मुलीने वरिष्ठांशी भांडून ती ये-जा वगळून मशीनला सगळं नव्याने शिकवायला लावलं. मी बाईची माफी मागितली. नोकरीत अशी माफी मी फार कमी वेळा मागितली आहे.

त्यानंतर मिसिंगची तक्रार घेताना मी पहिला प्रश्न फोनचा विचारला नाही. तुमचा माणूस एकटा असला की कुठे जाऊन बसतो, एवढं विचारायचो. बहुतेक घरांतले लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. निवृत्त झाल्यावर एकदा हाच प्रश्न मी माझ्या बायकोला विचारला. तिलाही सांगता आलं नाही, आणि तिच्याबद्दल मलाही.